५१ विरुद्ध ४४ : कॅलिफोर्नियाच्या हवेची उलटी मोजणी

१८ डिसेंबर २०२४. सत्तांतराला महिनाभर.
अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, कॅलिफोर्नियाला दोन परवानग्या देते. पहिलीनुसार २०२६च्या मॉडेलपासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी ३५ टक्के शून्य-उत्सर्जन हव्यात, २०३५मध्ये सगळ्याच. दुसरी अवजड ट्रकांच्या नायट्रोजन ऑक्साइडबद्दल. ट्रक कंपन्यांनी विजेचे ट्रक विकावेत यासाठीची तिसरी परवानगी २०२३मध्येच मिळालेली आहे.

गाडीतून किती धूर निघावा हे तिथे केंद्र ठरवतं. केंद्रापेक्षा कडक नियम स्वतः करण्याची मुभा फक्त कॅलिफोर्नियाला, तीही ईपीएने सूट, म्हणजे अशी परवानगी, दिली तरच. बाकीच्या राज्यांनी हवं तर कॅलिफोर्नियाचा नियम उचलावा. हा मान फुकट मिळालेला नाही. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर असं धुरकं उतरलं की जपानने विषारी वायू सोडला, असं लोकांना वाटलं. डोळे चुरचुरत होते, पलीकडची इमारत दिसत नव्हती. हा प्रताप आपल्याच गाड्यांचा, हे आरी हागेन-स्मिट या रसायनतज्ज्ञाने पुढे दाखवून दिलं : धुराड्यातून निघालेले वायू उन्हात एकमेकांशी भिडतात आणि ओझोन तयार होतो. १९६७मध्ये केंद्राच्या कायद्यात कॅलिफोर्नियाचा अपवाद घालायला झगडले ते राज्याचे सेनेटर जॉर्ज मर्फी, रिपब्लिकन. राज्याचे गव्हर्नर तेव्हा रोनाल्ड रेगन, तेही रिपब्लिकन. त्यानंतर शंभराहून अधिक वेळा ही सूट मिळाली.

फेब्रुवारी २०२५. सेनेटमधल्या मतदानाला तीन महिने.
ईपीएचे नवे प्रमुख ली झेल्डिन तिन्ही परवानग्या काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, पाठवतात. म्हणतात, हे ‘नियम’ आहेत, काँग्रेसने तपासावेत.

सगळी मेख इथे आहे. १९९६च्या एका कायद्याप्रमाणे एखाद्या संस्थेने केलेला नियम काँग्रेस साध्या बहुमताने रद्द करू शकते. आपल्याकडेही नियम ३० दिवस सभागृहांच्या पटलावर ठेवतात आणि सभागृहं ते बदलू शकतात. पण बहुतेक वेळा कागद पटलावर जातो आणि तिथेच राहतो. तिकडे मात्र हे हत्यार चालतं. सेनेटमध्ये एरवी विरोधकांची कोंडी फोडायला ६० मतं लागतात, या वाटेने ५१ पुरतात. चर्चा जास्तीत जास्त १० तास. शिवाय एकदा रद्द झालेला नियम जवळपास त्याच रूपात पुन्हा करता येत नाही. त्यासाठी नवा कायदाच हवा.

परवानगीला नियम म्हणणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं. पण फायदा असा की २०२३ची परवानगी कधी ‘नियम’ म्हणून पाठवलीच नव्हती. त्यामुळे ती रद्द करण्याची मुदतही आता नव्याने मोजायची. दोन वर्षांची शिळी गोष्ट ताजी झाली.

६ मार्च. ११ आठवडे.
काँग्रेसचीच तपासनीस संस्था जीएओ सांगते, हे नियम नाहीत. अशा परवानगीबद्दल तिने २०२३मध्येही हेच सांगितलं होतं.

एप्रिलचा पहिला आठवडा.
सेनेटला कामकाजाच्या नियमांबाबत सल्ला देणाऱ्या एलिझाबेथ मॅकडोनोही जीएओच्या बाजूने कौल देतात. पंच दोन, निकाल एकच. इथे प्रकरण संपायला हवं होतं.

१ मे. तीन आठवडे.
प्रतिनिधीगृहात गाड्यांच्या परवानगीविरुद्धचा ठराव २४६ विरुद्ध १६४ मतांनी मंजूर. ३५ डेमोक्रॅट बाजूने, त्यांतले दोघे तर खुद्द कॅलिफोर्नियाचे! वाहन कंपन्यांनी जोर लावला होता, हे खरं; ३५ टक्के गाठणं बहुतेक राज्यांत कठीण आहे, ही त्यांची तक्रार अगदीच खोटीही नव्हती. तक्रार ऐकायला ईपीए होती, न्यायालयं होती. वाट मात्र आडवळणाची निवडली गेली.

बुधवार, २१ मे, संध्याकाळ. काही तास.
सेनेटमधले बहुमताचे नेते जॉन थून सल्लागाराचं मत थेट डावलत नाहीत. अशा ठरावाला जलदगती मिळते की नाही हे सेनेटच ठरवेल, असा पायंडा ते पाडून घेतात. हे जास्त हुशारीचं. कॅलिफोर्नियाचे ॲलेक्स पडिला हरकतीमागून हरकत घेतात. सेनेटमध्ये मतदानाचं बटण नाही. कारकून एकेक नाव पुकारतो, सदस्य पुढे येऊन मत सांगतात, कुणी नुसता अंगठा वर-खाली करतो. प्रत्येक हरकतीवर हाच सोपस्कार, रात्रीपर्यंत. वेळ जातो, आकडे हलत नाहीत.

गुरुवार, २२ मे. शून्य.
५१ विरुद्ध ४४. डेमोक्रॅटांतून ठरावाच्या बाजूने एकच मत पडतं, एलिसा स्लॉटकिन यांचं; त्यांचं राज्य मिशिगन, मोटारींचं माहेर. ट्रकांचे दोन ठरावही त्याच दिवशी पार पडतात. चर्चा मोटारींचीच होते, पण माझ्या मते खरा घाव तिथे नाही, ट्रकांच्या ठरावांत आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांतून कंटेनर ओढणारे डिझेल ट्रक ज्या वस्त्यांतून जातात, तिथल्या माणसाला इलेक्ट्रिक मोटार परवडते की नाही हा प्रश्न दुय्यम. ज्या हुकुमाने त्याच्या खिडकीखालून जाणाऱ्या ट्रकाचा धूर कमी होणार होता, तो गेला.

१२ जून.
डोनाल्ड ट्रम्प तिन्ही ठरावांवर सही करतात. कॅलिफोर्निया आणखी १० राज्यांना घेऊन त्याच दिवशी फेडरल न्यायालयात दावा लावतो. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम राज्याच्या हवा मंडळाला नवे नियम तयार करायला सांगतात. ते नियम जुन्यांसारखे दिसले की ‘त्याच रूपात’ म्हणून अडणार आणि फार वेगळे केले तर धूर किती कमी होणार, या दोहोंच्या मधून मंडळाला वाट काढायची आहे. आणि ज्यांना ३५ टक्क्यांची अट लागू व्हायची होती, त्या २०२६च्या मॉडेलच्या गाड्या तोवर कारखान्यांतून बाहेर पडू लागल्या होत्या.