दारावरच्या खुणेची कुळकथा

पल्स पोलिओचा रविवार उलटला की बूथवर न आलेल्या बाळांसाठी आशाताई आणि अंगणवाडीसेविका घरोघर फिरतात. डोस पाजला की बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लागते आणि निघताना दाराशेजारी खडूने एक अक्षर उमटते. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’. एखादे मूल गावाला गेले असेल, घराला कुलूप असेल किंवा आईबाप नको म्हणाले असतील तर ‘एक्स’. सोबत तारीख. या खडूच्या खुणेचे पूर्वज मात्र एवढे गरीब स्वभावाचे नव्हते.

1518 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने हुकूम काढला, की प्लेग शिरलेल्या घरावर 40 दिवस गवताची पेंढी टांगायची आणि त्या घरच्या माणसाने बाहेर पडताना हातात पांढरी काठी धरायची. 1665 च्या साथीपर्यंत लंडनमध्ये पेंढी जाऊन दारावर फूटभर लांबीचा तांबडा क्रूस आला. त्याच्यासोबत देवाची करुणा भाकणारी एक ओळ. आजाऱ्याबरोबर घरातली धडधाकट माणसेही आत कोंडली जात आणि बाहेर रात्रंदिवस पहारा असे. साहजिकच लोक आजार लपवू लागले.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. लवकरच चाळींच्या भिंतींवर रंगाने वर्तुळे दिसू लागली. प्लेगचा एक बळी, एक वर्तुळ. काही घरांवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. म्हणजे हे घर माणसांना राहण्यास अयोग्य. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला आणि झडत्यांना बळ मिळाले. लोकांनी रुग्ण दडवले, लाखोंनी मुंबई सोडली. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसू लागले, तेव्हा असंतोष इतका पेटला की 22 जून 1897 च्या रात्री प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली.

2020 मध्ये खूण पुन्हा अवतरली. मार्चमध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारले गेले. देशात ठिकठिकाणी कोरोनाबाधितांच्या दारावर फलक लागले. अखेर 9 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा खास आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत.

या सगळ्या घराण्यात पोलिओची खूण तेवढी वेगळी निघाली. ‘एक्स’ दिसला की पथक त्या घरी पुन्हा जाते. मूल सापडेपर्यंत, घरच्यांची समजूत पटेपर्यंत. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. या यशात लसीइतकाच वाटा अशा चिकाटीच्या फेऱ्यांचा आहे. पुढच्या साथीत दारावर खूण करायचीच झाली, तर ती आशाताईच्या सोयीची असावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिचा अर्थ कळण्याची काही गरज नाही.