डिस्क दिसत नाही, म्हणजे ती कोरी नाही

संगणकाला हार्ड डिस्क जोडली आणि पडद्यावर तिचं नाव आलं नाही, की लगेच निकाल लागतो, ‘गेली!’ मी उर्दू आणि मराठी शिकवतो. आमचं ईट एकेकाळी निजामाच्या राज्यातलं. म्हणून हा निकाल मला घाईचा वाटतो.

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने सप्टेंबर १९५६ मध्ये आणली. पन्नास तबकड्या, त्यांत पन्नास लाख अक्षरं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. कचेऱ्यांतली उर्दू मागे पडली. कागद रुमालात बांधलेलेच राहिले, वाचणारे मात्र कमी होत गेले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. नोंदी जागेवरच होत्या. तुटला होता तो वाचणाऱ्याशी असलेला दुवा.

डिस्कचंही बहुतेकदा असंच असतं. जुन्या आयडीई डिस्कला चाळीस पिनांची रुंद पट्टी लागे. एका पट्टीवर दोन डिस्क असल्या तर ‘मास्टर’ कोण आणि ‘स्लेव्ह’ कोण, हे जंपर नावाच्या छोट्या खिट्टीने ठरे. दोन्ही ‘मास्टर’ ठेवल्या की गोंधळ. २००३ पासून सॅटाची बारीक केबल आली आणि जंपरची ही भानगड संपली. पण जुनी डिस्क नव्या यंत्राला जोडायची तर मध्ये अॅडाप्टर हवा. साडेतीन इंची डिस्कला तर वेगळी वीजही द्यावी लागते, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही.

म्हणून तपास क्रमाने करावा. डिस्क फिरते का? केबल आणि पोर्ट बदलून पाहिलं का? बायोसमध्ये नाव येतं का? तिथेही येत नसेल तर दोष वीज, केबल, पोर्ट किंवा खुद्द डिस्कमध्ये. तिथे येतं पण विंडोजमध्ये नाही, तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावं. कधी ड्राइव्हला नुसतं अक्षर दिलेलं नसतं. टकटक आवाज येत असेल तर मात्र यंत्र ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावं.

आणि ‘फॉरमॅट करू का?’ असं विंडोजने विचारलं, तर ‘नाही’ म्हणावं. वाचता येत नाही म्हणून रुमाल जाळण्यासारखंच ते.

डिस्क दिसली, तरी शेवटची अडचण लिपीची. इनपेजमधला जुना उर्दू मजकूर किंवा श्रीलिपीतला मराठी मजकूर दुसरीकडे उघडला, की निरर्थक चिन्हं दिसतात. त्यावर ‘फाइल खराब’ असा शिक्का मारू नये. मूळ सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट मिळवून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. शाळाशाळांत जुने संगणक भंगारात निघताहेत. त्यांच्या डिस्क आधी काढून ठेवा. वाचणारी माणसं अजून आहेत, तोवर हे काम सोपं आहे.