सत्तावीस दिवसांचा सम्राट

इ.स.पू. ७४ मध्ये चीनच्या हान घराण्याचा सम्राट चाओ ऐन विशीत वारला. मूलबाळ नव्हते. राज्याची खरी सूत्रे सेनापती ह्वो ग्वांगच्या हातात होती. त्याने सम्राट वू याचा नातू, चांगयीचा राजा ल्यू हे याला राजधानी छांगआनला बोलावून गादीवर बसवले आणि २७ दिवसांनी खाली उतरवले.

ल्यू हेवरचे आरोपपत्र बान गूच्या 'हान शू' या इतिहासग्रंथात आहे. सुतकात त्याने मांसाहार केला, वाटेत बायका पळवून आणवल्या, राजवाड्यात गाणीबजावणी केली वगैरे. २७ दिवसांत त्याने ११२७ दुष्कृत्ये केली, असे आजही सांगितले जाते. मूळ मजकूर मात्र वेगळे सांगतो. सम्राटाचे दूत निरनिराळ्या कचेऱ्यांत मागण्या घेऊन गेले, त्या मागण्या ११२७. म्हणजे दिवसाला चाळीसएक. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या दरबारात हा आकडा फार म्हणावा का?

मला खरा गुन्हा दुसराच दिसतो. ल्यू हे आपली दोनशेवर माणसे सोबत घेऊन आला होता आणि त्यांना पदे वाटत सुटला होता. ह्वो ग्वांगला गादीवर नातू हवा होता, नातवाची माणसे नको होती. पदच्युतीचा हुकूम निघाला तो राजमातेच्या नावाने. ही राजमाता जेमतेम पंधरा वर्षांची होती आणि ह्वो ग्वांगच्याच मुलीची मुलगी! ल्यू हेचा जीव वाचला, त्याच्या दोनशे माणसांची मुंडकी उडाली. नंतर जो निवडला गेला तो सम्राट श्वान सामान्य लोकांत वाढलेला, पाठीशी कोणी नसलेला.

इ.स.पू. ६३ मध्ये ल्यू हेला दक्षिणेत हायहूनची जहागीर मिळाली, ४००० घरांची. पूर्वजांच्या मंदिरातील पूजेचा हक्क मात्र मिळाला नाही. तिथे एका जुन्या अधिकाऱ्याने त्याला विचारले, त्या वेळी सेनापतीचेच डोके का नाही उडवले? तो म्हणाला, हो, चुकलेच. चुगली झाली आणि ३००० घरे गेली. तोवर ह्वो ग्वांग मरून पाचाहून अधिक वर्षे झाली होती, त्याचे कुटुंबही बंडाच्या आरोपाखाली कापले गेले होते. तरी हे वाक्य महागात पडले. इ.स.पू. ५९ मध्ये ल्यू हे वारला.

२०११ मध्ये नानछांगजवळ चोरांनी खणलेल्या खड्ड्यामुळे त्याची कबर सापडली. सोन्याची ४७८ नाणी आणि पत्रे, दहा टनांच्या आसपास तांब्याची नाणी, 'ल्यू हे' कोरलेली जेडची मुद्रा. बांबूच्या ५००० हून अधिक पट्ट्या निघाल्या, त्यांत कन्फ्यूशियसच्या वचनांची एक प्रत होती. आरशाच्या चौकटीवर कन्फ्यूशियसचे चित्रही होते. ग्रंथ जवळ होते म्हणून तो सज्जन ठरत नाही, श्रीमंतांच्या घरी पुस्तके असतातच. पण आरोपपत्रातला निव्वळ रंगेल गडी त्या कबरीत सापडत नाही.

तिथे लाकडी पाट्याही निघाल्या. ल्यू हेने सम्राटाला लिहिलेले अर्ज त्यांवर आहेत. त्यांत तो स्वतःला सेवक म्हणवतो आणि मृत्युदंडाची जोखीम पत्करून दोनदा वंदन करतो.