लागलं की आपण चोळतो का? स्पर्शाने दुखणं कमी होण्यामागचं विज्ञान

कांद्याच्या सीझनमध्ये कळवणच्या मार्केटला गेलात तर हे हमखास दिसेल. कुणाचा तरी कोपर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या फाळक्यावर आपटतो, तोंडातून "आई गं" निघतं आणि दुसरा हात आपोआप तिथे जाऊन चोळायला लागतो. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडावर चालत येणाऱ्यांचंही तेच. मुक्कामाला टेकले की आधी पाय चेपणं. मार तर तेवढाच असतो, मग दुखणं कमी का होतं?

शरीरातल्या तीन लाइन

त्वचेकडून सिग्नल नेणारे मज्जातंतू एकाच स्पीडचे नसतात.

- ए-बीटा: स्पर्श, दाब, कंपन. सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर.
- ए-डेल्टा: लागल्या लागल्या येणारी तीव्र कळ. ५ ते ३० मीटर.
- सी: नंतरचा ठणका. जेमतेम अर्धा ते २ मीटर.

म्हणूनच पायाचं बोट ठेचकाळलं की आधी चटकन कळ येते आणि ठणका मागून पोचतो.

गेट कुठे आहे?

हे सिग्नल थेट मेंदूत जात नाहीत, आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येतात. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'गेट कंट्रोल थिअरी' मांडली. चोळल्यावर ए-बीटा तंतू जागे होतात. ते मज्जारज्जूतल्या काही पेशींना कामाला लावतात आणि त्या पेशी वेदनेचा सिग्नल दाबतात. म्हणजे गेट पूर्ण बंद होत नाही, पण अर्धं लोटलं जातं. पुढच्या संशोधनात या थिअरीचे बारकावे बदलले, मूळ कल्पना मात्र टिकली. मेंदूसुद्धा वरून हे गेट कमी-जास्त करतो. त्यामुळे घाबरलं की जास्त दुखतं आणि लक्ष दुसरीकडे गेलं की कमी.

फिजिओथेरपीत पॅड चिकटवून हलका करंट देतात, त्या 'टेन्स' मशीनमागेही हेच तत्त्व आहे.

हळुवार हात फिरवला तर?

याची लाइन वेगळी आहे. केसाळ त्वचेवर, उदाहरणार्थ हाताच्या वरच्या बाजूला, 'सी-टॅक्टाइल' नावाचे तंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या सावकाश हात फिरवला की ते सर्वांत जास्त चालतात आणि मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या 'इन्सुला' भागाला खबर देतात. २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेण्याआधी सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर वेगाने मऊ ब्रश फिरवला. वेदनेला मेंदूची होणारी प्रतिक्रिया कमी झाली. आजी पाठीवरून हात फिरवते तो वेगही साधारण असाच असतो!

फोनचं व्हायब्रेशन चालेल का?

तत्त्व बरोबर आहे. इंजेक्शनच्या वेळी कंपन देणारी छोटी उपकरणं खरोखर मिळतात. पण फोनमधली मोटर नोटिफिकेशनसाठी असते, उपचारासाठी नाही.

इथे मात्र चोळू नका

दुखणं म्हणजे शरीराचा अलर्ट. स्पर्शाने अलर्टचा आवाज कमी होतो, बिघाड तसाच राहतो.

- साप चावला: चोळू नका, आवळून बांधू नका. तो अवयव हलू न देता लगेच सरकारी दवाखाना गाठा.
- हाड मोडल्याची शंका: दाबू नका, आधार द्या.
- भाजलं: साध्या वाहत्या पाण्याखाली धरा.
- एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय: मालिश नको, आत रक्ताची गुठळी असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

आणि शेवटचं. घरात कुणाला इंजेक्शन असेल किंवा ड्रेसिंग असेल, तर थोडा वेळ फोन खिशात ठेवा आणि त्यांचा हात धरा. व्हिडिओ कॉलवर धीर देता येतो, पण हे तंतू जागे करायला हातच लागतो.