सॉलिड फ्रंट एक्सल रूपांतर

एसयूव्हीची स्वतंत्र पुढची सस्पेन्शन काढून तिथे एकसंध एक्सल बसवण्याचे काम. अशा एक्सलला बैलगाडीच्या आखाप्रमाणे दोन्ही चाके जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते आणि पकड टिकते. सस्पेन्शन कितीही दबली तरी डिफरेन्शियलखालची उंची बदलत नाही.

विलीज जीपला अशीच रचना होती. महिंद्रने तिची जोडणी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. 1985 च्या मारुती जिप्सीतही पुढे एकसंध एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगाच होत्या. 2010 मध्ये आलेल्या थार सीआरडीईला मात्र टॉर्शन बारची स्वतंत्र सस्पेन्शन मिळाली. डांबरी रस्त्यावर ती सुखाची, खडकात तोकडी.

रूपांतरात जुने ब्रॅकेट कापून चॅसीला नवे आधार वेल्ड करावे लागतात. डिफरेन्शियल हे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या पुढच्या शाफ्टच्याच बाजूला हवे, गिअर-गुणोत्तर मागच्या एक्सलइतकेच हवे. कॅस्टरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाच्या पुढे-मागे कलाचा, कोन चुकला तर वेगात स्टिअरिंग थरथरते.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या दगडी चढांवर हा खटाटोप सार्थकी लागेल. लातूरच्या काळ्या चिकणमातीत मात्र टायरची नक्षी अधिक महत्त्वाची. खोल चाकोरीत एक्सलचे हाऊजिंगच मधल्या उंचवट्यावर टेकते.

मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 मूळ रचनेत नोंदणीशी विसंगत फेरफार करू देत नाही. नोंदणी लातूरची एमएच-24 असो वा नांदेडची एमएच-26, अडचण तीच.