नरसी ते घुमान: अंतर किती, वेळ किती?

आजचा एपिसोड एका अंतराबद्दल आहे.

पॅरिस ते वॉर्सा सरळ रेषेत सुमारे १,३७० किलोमीटर. विमानाला साधारण सव्वादोन तास लागतात. आता तीच पट्टी आपल्या नकाशावर ठेवा. एक टोक हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव गावावर, दुसरं पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्याच्या घुमानवर. अक्षांश-रेखांश घेऊन मी हिशेब केला, तर आले सुमारे १,३४० किलोमीटर. जवळपास तेवढंच! फक्त संत नामदेव ते चौदाव्या शतकात पायी गेले.

नामदेवांचा जन्म १२७० चा. परंपरा नरसीलाच त्यांचं जन्मगाव मानते. गुरू विसोबा खेचर त्यांना औंढा नागनाथला भेटले असं सांगतात, म्हणजे तेही आपल्याच जिल्ह्यात. पुढे पंढरपूर, ज्ञानेश्वरांसोबत तीर्थयात्रा, आणि उतारवयात पंजाब. घुमानला ते वीसेक वर्षं राहिले असं मानतात.

रोज २० किलोमीटर धरा. अगदी सरळ रेषेत चाललं तरी ६७ दिवस होतात. पण रस्ता सरळ कुठे असतो? मध्ये तापी, नर्मदा, चंबळ, सतलज, बियास. पाऊस लागला की मुक्काम.

आता खरी गंमत इथे आहे. विमानात शेजारच्याशी एक शब्द न बोलता उतरता येतं. पायी निघालेल्या माणसाला मात्र गावोगाव पाणी मागावं लागतं, वाट विचारावी लागते, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर टेकावं लागतं. अशाने भाषा तोंडात बसते. नामदेवांनी मराठीत अभंग रचले, तशीच उत्तरेच्या बोलीत पदंही रचली. त्यातली ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, आणि त्यांत मधूनमधून मराठी रूपं डोकावतात.

नामदेव १३५० मध्ये गेले. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये अमृतसरला ग्रंथ सिद्ध केला, त्यात ही पदं आली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी नांदेडला त्याच ग्रंथाला गुरुपद दिलं. नांदेड ते नरसी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही! म्हणजे नरसीच्या शिंप्याच्या पोराचे शब्द पंजाब फिरून ३५८ वर्षांनी घराजवळ परत आले, आणि तेही गुरू म्हणून.

गाव सोडून गेलेला माणूस गावाला तुटला, असं आपल्याकडे सहज म्हणतात. पुण्याला नोकरी लागली की मागे हेच ऐकू येतं. नामदेवांचा हिशेब वेगळं सांगतो. २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन थेट घुमानला भरलं, ते याच नात्यामुळे.

आज नांदेडहून सचखंड एक्सप्रेस साधारण दीड दिवसात अमृतसरला पोचवते. तेवढं जमत नसेल, तर नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन थोडा वेळ कीर्तन ऐका. ‘नामदेउ’ हे नाव कानावर पडतंय का बघा. पडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!