मोतीबिंदू, अर्भकांमधील : जोखीम घटक

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातील भिंग जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत गढूळ होणे. टाळता येण्याजोगे मोठे कारण म्हणजे गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झालेला रुबेला. ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध १९४१ मध्ये दाखवला. आईच्या अंगावर जेमतेम पुरळ उठते. बाळाला मात्र मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष. रुबेलाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. आनुवंशिकता, डाऊन सिंड्रोम हेही घटक आहेत. गॅलॅक्टोसेमियात (दुधातील साखरेचे चयापचय न होण्याचा जन्मजात विकार) तर आईचे दूधही बाधते. ते वेळीच बंद केल्यास गढूळपणा ओसरू शकतो. एकाच डोळ्यातील मोतीबिंदूचे कारण बहुधा सापडत नाही.